लहरी केस आणि पनवेलची दमट सकाळ

पनवेलहून सुटणारी हार्बरची लोकल खांदेश्वर, मानसरोवर, खारघर करीत बेलापूरला पोहोचेपर्यंत स्त्रियांच्या डब्यात पावसाळ्यात रोज एक गोष्ट घडते. घरून निघताना सरळ, तुकतुकीत, खांद्यावर पडद्यासारखे सोडलेले केस हळूहळू जागे होऊ लागतात. सीवूड्स येईतो कपाळालगतच्या बटा वळलेल्या असतात. वाशीची खाडी ओलांडून गाडी मानखुर्दात शिरते तेव्हा पर्समधून क्लिप निघालेली असते आणि सगळा पसारा मागे आवळून बांधलेला असतो. पहाटे उठून, एका हातात ड्रायर व दुसऱ्या हातात गोल ब्रश धरून केलेली वीस-पंचवीस मिनिटांची मेहनत खाडीच्या वाऱ्याने पाऊण तासात परत घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच खटाटोप पुन्हा.

पनवेल हे आता केवळ जुन्या बाजारपेठेचे गाव उरलेले नाही. २०१६ साली महानगरपालिका झाली, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा सारा विस्तार तिच्यात आला, आणि पिढ्यान् पिढ्या पेढी-दुकान सांभाळणाऱ्या घरांतल्या मुली सनदी लेखापालांच्या कार्यालयांत, बँकांत, रुग्णालयांत, बेलापूर-मुंबईच्या कचेऱ्यांत जाऊ लागल्या. सुना गल्ल्यावर बसतात, घाऊक व्यापाऱ्यांशी बोलतात, जीएसटीचे कागद पाहतात. या साऱ्याजणींच्या सकाळी स्नान, देवदर्शन किंवा पूजा, डबे, मुलांची शाळा आणि गाडीची वेळ इतके सारे एका दोरीत ओवलेले असते. त्या दोरीत केस सरळ करण्याची एक घटका रोज कोठून आणायची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; ज्या घरात तो रोज सुटत नाही तेथे तो क्षुल्लक नसतो.

मराठीत 'लहरी' हा शब्द माणसाला लावला तर तो दोष ठरतो. लहरी माणूस म्हणजे बेभरवशाचा. केसांच्या बाबतीतही नकळत तोच अर्थ चिकटला आहे. धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत, म्हणजे हे केस बिघडलेले असावेत, अशी अनेक घरांतील समजूत असते. बारा-तेरा वर्षांपर्यंत सरळ असलेले मुलीचे केस वयात येताना वळू लागतात तेव्हा आईला वाटते, शांपू बदलला म्हणून खराब झाले. मग तेल बदलते, पाणी बदलते, शेवटी ब्यूटी पार्लर गाठले जाते. वास्तविक केस जेथून उगवतो त्या मुळाची ठेवणच तशी असते. वळणदार मुळातून उगवलेला केस वळणदारच निघतो, आणि वाढत्या वयात, बाळंतपणानंतर, कधी चाळिशीनंतरही ही ठेवण बदलू शकते. अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांचे जे चार वर्ग रूढ केले, त्यांत सरळ पहिला, लहरी दुसरा आणि कुरळा तिसरा आहे. म्हणजे लहरी केस हा स्वतंत्र वर्ग आहे. सरळ केसांची ती फसलेली आवृत्ती नव्हे. एवढी एक गोष्ट मनाने मान्य केली की पुढचे पुष्कळसे काम हलके होते.

तोंडी सौदा आणि नोंदणीचे खत

ड्रायरने सरळ केलेले केस दमट हवेत का टिकत नाहीत, याचे कारण केसाच्या घडणीत आहे. केस हा मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाचा तंतू. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे बंध वेगवेगळ्या ताकदीचे असतात. गंधकाचे बंध पक्के. केसाचे मूळ वळण पुष्कळसे त्यांच्या हाती. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागताच ते सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला बंध म्हणजे नोंदणी केलेले खत, दुसरा म्हणजे तोंडी सौदा. ड्रायर आणि ब्रश मिळून फक्त तोंडी सौदा बदलतात. हवेतला ओलावा आला की तो सौदा मोडतो, आणि केस मूळ खताप्रमाणे वागू लागतो.

केसाची ही ओलावाप्रीती इतकी भरवशाची आहे की तिच्यावर उपकरणे उभी राहिली. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी वाढते, त्या वाढीने काटा फिरतो. पुढे हवामान वेधशाळांत आर्द्रतेची नोंद करणारी यंत्रे याच तत्त्वावर चालली. जो केस हवामान खात्याला आर्द्रता सांगतो, त्याने जुलैतल्या पनवेलमध्ये दमट हवेकडे दुर्लक्ष करावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. कर्नाळ्या-माथेरानच्या डोंगरांना अडून येथे पाऊस कोसळतो, खाडी जवळ आहे, आणि पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. पुण्याच्या मावशीकडे चार दिवस नीट राहिलेले केस पनवेलला परतताच का फुगतात, याचे उत्तरही एवढेच.

कायमचा उपाय म्हणून जे विकले जाते

रोजच्या कटकटीला कंटाळून अनेकजणी 'कायमचा' मार्ग धरतात. स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, केराटिन ट्रीटमेंट अशी नावे पार्लरच्या दरपत्रकावर असतात. लग्नसराईच्या तोंडावर, किंवा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपूर्वी, हजारो रुपये त्यात जातात. 'केराटिन' हे नाव ऐकून केसांना खाऊ घालण्याचा काही पौष्टिक प्रकार असावा असे वाटते. काही पद्धतींत तीव्र रसायनांनी गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडतात. काहींत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारे द्रव्य केसांना लावून वरून गरम इस्त्री फिरवतात. सरळ करण्याचे काम ते द्रव्य करते, केराटिन नव्हे. फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवले आहे. बंद, वातानुकूलित खोलीत त्याची वाफ श्वासात जाते. ग्राहक स्त्रीच्या वर्षातून एकदा-दोनदा, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या मात्र रोज. तिचा विचार सहसा कोणी करीत नाही.

'फॉर्मल्डिहाइड-मुक्त' अशी पाटी पाहून निश्चिंत व्हावे, तर तेथेही सावध राहायला हवे. त्याच्या जागी आलेल्या द्रव्यांपैकी एक म्हणजे ग्लायोक्सिलिक आम्ल. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या, एरवी निरोगी तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. वापरलेल्या मलमात हे आम्ल १० टक्के होते. डॉक्टरांनी तेच मलम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक आढळले.

याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष आला होता. ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे नोंद ठेवल्यावर ३७८ जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे दिसले. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तर वर्षांच्या वयापर्यंत हा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असे अनुमान निघाले. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आणि एकदा स्ट्रेटनिंग केलेल्या मुलीने झोप उडवून घ्यावी असे त्यात काही नाही. पण दर सहा महिन्यांनी, वर्षानुवर्षे, केवळ ऑफिसात 'व्यवस्थित' दिसावे म्हणून हे करीत राहायचे का, याचा विचार आई आणि मुलीने एकत्र बसून करावा इतके तरी त्यात नक्की आहे. शिवाय मुळापासून उगवणारे नवे केस लहरीच येतात. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. सहा महिन्यांत वरचा सात सेंटिमीटरचा भाग वळणदार आणि खालचा सरळ, अशी विचित्र अवस्था होते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

ड्रायर शत्रू आहे का?

येथे एक सर्वमान्य समजूत तपासून घेतली पाहिजे. 'केस नैसर्गिक वाऱ्यावर वाळवावेत, ड्रायरला हातही लावू नये' असे वडीलधाऱ्या सांगतात. कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात केसांचे झुपके तीस दिवस रोज धुवून वेगवेगळ्या रीतींनी वाळवले. ड्रायर पंधरा सेंटिमीटरवर धरला तेव्हा केसांपाशी तापमान ४७ अंश होते, दहावर ६१, आणि पाचवर ९५ अंश. उष्णता वाढली तसे केसाचे वरचे आवरण अधिकाधिक खराब झाले, यात नवल नाही. नवल हे की ड्रायर न वापरता आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या आतील थरांना जोडणारा भाग बिघडलेला आढळला, ड्रायरने वाळवलेल्यांत तसे दिसले नाही. केस फार वेळ ओले, फुगलेले राहिल्याने असे होत असावे, असा संशोधकांचा कयास. त्यांचा सल्ला असा की ड्रायर पंधरा सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत राहिले, तर ते पूर्णपणे वाऱ्यावर वाळवण्यापेक्षाही कमी हानीचे ठरते.

तेव्हा खरा दोष ड्रायरचा नाही. दोष आहे तो ड्रायर केसांना भिडवण्याचा, ओल्या केसांना गोल ब्रशने ताणण्याचा, आणि हे दोन्ही रोज करण्याचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली चूकही तितकीच वाईट: सकाळी न्हाऊन ओलेच केस घट्ट अंबाड्यात बांधायचे आणि दिवसभर तसेच ठेवायचे. पावसाळ्यात असा अंबाडा संध्याकाळी सोडला की आतून ओलाच असतो, वास येतो, टाळू खाजते, कोंडा वाढतो.

आदल्या रात्रीचे काम

लहरी केसांची सारी किमया एका वाक्यात सांगता येते: केस ओले असताना त्यांचे वळण बसवावे आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. ज्या तोंडी सौद्याविषयी वर म्हटले, तोच येथे उलट बाजूने उपयोगी पडतो. केसाला त्याच्या मूळ वळणातच वाळू दिले, तर ओलावा येऊन सौदा मोडला तरी केस फार दूर भरकटत नाही. अमेरिकेत लॉरेन मॅसी यांच्या २००१ सालच्या पुस्तकापासून या विचाराची एक चळवळच झाली. तिच्यातील प्रसाधनांची लांबलचक फैर मात्र सर्वांनी झाडायची गरज नाही.

सकाळची वेळ वाचवायची तर न्हाणे संध्याकाळी किंवा रात्री लवकर उरकावे, आणि रोज न्हाऊ नये. वळणदार केसात टाळूचे तेल खाली उतरायला वेळ लागतो, म्हणून मुळे तेलकट व टोके कोरडी अशी या केसांची तक्रार असते. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा न्हाणे पुरे. पूजेपूर्वीच्या स्नानात रोज डोके भिजवणे ज्यांच्या नेमात आहे, त्यांनी शांपूचे दिवस ठरवून घ्यावेत. इतर दिवशी नुसते पाणी पुरते.

न्हाण्याआधी तेल, ही आजीची रीत येथे पूर्ण बरोबर ठरते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसातून झिरपून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात वाचवले, कारण त्यातील लॉरिक आम्लाचा सुटसुटीत रेणू केसाच्या आत शिरू शकतो. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे; पण शोधनिबंधातली मोजमापे सर्वांसमोर आहेत. तेल लांबीला आणि टोकांना लावावे, तास-दोन तास ठेवावे. कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर मुरवू नये.

शांपू किंवा शिकेकाई टाळूपुरती. टोकांना घासू नये, वरून ओघळलेला फेस त्यांना पुरतो. रिठा-शिकेकाई ज्या घरात अजून उकळली जाते त्यांनी ती गाळून घ्यावी. तिचे कण लहरी केसात अडकले की निघत नाहीत. सोसायटीला बोअरचे किंवा उन्हाळ्यात टँकरचे क्षारयुक्त पाणी येत असेल, तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून केसावर थर धरतात आणि केस ताठ, निस्तेज होतात. अशा घरी अंगाचा साबण केसांना कधीच लावू नये, आणि शेवटचा एक तांब्या पिण्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्याचा घ्यावा. एका तांब्याने फरक पडतो.

त्यानंतर कंडिशनर, आणि तो केसात असतानाच गुंता सोडवणे. ही पायरी चुकली की पुढचे सारे चुकते. रुंद दातांचा कंगवा घ्यावा, टोकांपासून सुरुवात करून वर जावे. बारीक दातांची फणी आणि वाळलेले लहरी केस यांची गाठ पडली की वळण सुटून केस पिंजारतात; मग त्यालाच लोक 'माझे केस असेच आहेत' म्हणतात. लहरी केसांवर कंगवा ओलेपणीच फिरवायचा, वाळल्यावर नाही. पुढचा केस वाळेपर्यंत भांग पाडून ठेवावा, नंतर पाडला तर मुळे उभी राहतात.

आता पाणी टिपणे. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्याची सवय सोडावी. कापडाचे दुकान असलेल्या घरांना तर हे सांगायला नको की मऊ मलमल किंवा जुना पंचा पाणी किती अलगद पितो. मान खाली घालून केस पुढे सोडावेत, पंचा ओंजळीत धरून टोकांकडून टाळूकडे मूठ मिटत पाणी टिपावे. मुठीतला केस जसा वळतो तसाच वाळतो.

याच वेळी, केस अजून निथळत असतानाच, वळण धरून ठेवणारे काहीतरी लावायचे असते. बाजारात त्यासाठी महागडी जेल मिळतात. घरात जवस असतोच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळावा, ढवळत राहावे. पाण्याला तार येऊ लागली की लगेच उतरवून गरम असतानाच मलमलमधून गाळावा. थंड झाल्यावर तो इतका घट्ट होतो की गाळला जात नाही, आणि पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकीची हीच फजिती होते. गाळलेले चिकट पाणी तळहातावर पसरून केसांच्या लांबीवर लावावे आणि पुन्हा मुठी मिटाव्यात. शीतकपाटात ते चार-पाच दिवस राहते. ओलसर शिजवलेले द्रव्य दुसऱ्या दिवशी ठेवणे ज्या घरात मान्य नाही, त्यांनी दोन चमचे जवसाचे त्या वेळेपुरतेच करावे. खर्च नगण्य असल्याने हळहळ नाही.

मग पंख्याखाली बसावे, पुस्तक वाचावे, हिशेब पाहावे, पण केसांत बोटे घालू नयेत. तासाभराने सत्तर टक्के वाळले की उरलेले काम ड्रायरने, मंद उष्णतेवर, वीतभर अंतरावरून. ड्रायरच्या तोंडाला लावायची वाडग्यासारखी चाळणी, जिला डिफ्यूजर म्हणतात, ती असेल तर केस उडत नाहीत. पूर्ण वाळल्यावर केस जवसामुळे कडक लागतील. हातांवर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन हलकेच चुरगाळले की कडकपणा जातो आणि वळण राहते.

झोपताना केस डोक्याच्या अगदी वर सैल बांधावेत, म्हणजे बटा उशीखाली दबत नाहीत. उशीला रेशमी अभ्रा घालावा असा सल्ला सर्वत्र दिला जातो. रेशमासाठी कोश उकळले जातात हे ठाऊक असलेल्या घरांनी साटिनचा कृत्रिम धाग्याचा अभ्रा घ्यावा; घर्षण कमी होणे हाच हेतू असल्याने तो तितकाच कामाचा. सकाळी केस सोडावेत, कंगवा न लावता बोटांनी झटकावेत, एखादी बट वाकडी झाली असेल तर तेवढीच ओली करून मूठ मिटावी. पाच मिनिटे. तीही आरशासमोर रेंगाळले तर.

बाटलीवर काय लिहिले आहे

केसांची प्रसाधने खाण्यात येत नाहीत म्हणून ती निवडताना अनेक घरे नेहमीचा विवेक बाजूला ठेवतात. लहरी केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत तर प्राणिज घटक विशेष आढळतात. विकतचे केराटिन बहुधा लोकर, पिसे, खुरे यांपासून काढतात. 'सिल्क प्रोटीन' कोशांचे. लॅनोलिन लोकरीतले मेण. घरगुती लेपांच्या पाककृतींत अंडे आणि मध सर्रास सांगितले जातात, आणि मध तर महाविगयांपैकी. चांगल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रशचे केस कित्येकदा रानडुकराचे असतात. सध्या कांद्याच्या तेलाची चलती आहे. ज्या घरात कांदा उंबरठ्याआत येत नाही तेथे तो न्हाणीघरात बाटलीतून येतो. कोरफडीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कोरफड, म्हणजे कुमारी, अनंतकायांच्या परंपरेने चालत आलेल्या यादीत आहे. ती खाण्याविषयीचा नेम केसांना लावण्यापर्यंत पाळायचा का, हे ज्या त्या कुटुंबाने आपल्या गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. पाळायचा ठरला, तर जवस तिचे काम करतो, बहुधा अधिक चांगले.

या घटकांना पर्याय आहेत. केराटिनच्या जागी गव्हाचे प्रथिन असलेले कंडिशनर मिळतात. लांबलचक रासायनिक नावांत 'हायड्रोलाइज्ड' या शब्दापुढे कशाचे नाव आहे, गव्हाचे, रेशमाचे की केराटिनचे, एवढे पाहायची सवय लावली तरी बरेच कळते. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ सालापासून बंद आहे आणि तशी चाचणी झालेल्या मालाच्या आयातीलाही त्याच वर्षी मनाई झाली. पण चाचणी नसणे आणि घटक प्राणिज नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ससा छापलेली बाटली पाहून दुसरीची खात्री होत नाही.

ऑफिसातला 'व्यवस्थितपणा'

एवढे करूनही एक अडचण उरते, आणि ती केसांत नसते. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला 'केस सरळ करून जा' असे सांगणारे पुष्कळ असतात. तसा नियम मात्र बहुतेक ठिकाणी कोठे लिहिलेला नसतो. अमेरिकेत नैसर्गिक केसांवरून, प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रियांना, नोकरीत भेदभाव सोसावा लागे. तो थांबवण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला. आपल्याकडे असा भेद उघड नाही. येथे तो दुकानाच्या पायरीवर एखाद्या काकींच्या तोंडून येतो: 'आज विंचरायला वेळ मिळाला नाही वाटतं?' सून हसून विषय टाळते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायर लावते. सासूबाईंनी त्याच वेळी 'तिचे केसच तसे आहेत, छान दिसतात' एवढे म्हटले, तर कित्येक बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

नीटनेटकेपणा ही कामाची खरी गरज आहे, हे नाकारायचे कारण नाही. ग्राहकाला, रुग्णाला, वरिष्ठाला समोरची व्यक्ती टापटीप हवी असते. पण टापटीप म्हणजे सरळ केस नव्हेत. भांग स्पष्ट, कपाळ मोकळे, टोके वेळच्या वेळी कापलेली आणि बांधणी जागची न हलणारी असली की झाले. यांत लहरी केस सरळ केसांच्या पुढेच आहेत, कारण त्यांत पकड असते. सरळ केसांचा अंबाडा दुपारपर्यंत घसरतो. लहरी केसांचा मानेवरचा सैल अंबाडा दोन आकड्यांवर संध्याकाळपर्यंत टिकतो. पुढच्या दोन बटा मागे वळवून क्लिप लावली आणि बाकीचे मोकळे सोडले तर ऑफिसची बैठकही शोभते. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी शिरस्त्राणाखाली मलमलचा रुमाल बांधावा आणि केस सैल वेणीत घालावेत. पोहोचल्यावर वेणी सोडली की वळण आयतेच मिळते. प्रयोगशाळा, दवाखाना, स्वयंपाकाचा व्यवसाय येथे केस पूर्ण बांधलेलेच हवेत. मात्र रोज एकाच जागी घट्ट ओढून बांधल्याने कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते. वर्षानुवर्षांच्या ताणाने गेलेले केस पुन्हा येतीलच असे नाही, म्हणून बांधणीची जागा अधूनमधून बदलावी.

मुलग्यांचेही केस लहरी असतात. पण न्हाव्याकडे दर महिन्याला बारीक करून घेतल्याने त्यांच्या घरी हा विषय कधी निघतच नाही.

ज्यांचे केस आजवरच्या उष्णतेने किंवा रसायनाने निर्जीव झाले आहेत त्यांना वळण लगेच दिसणार नाही. खांद्यापर्यंतचे केस मुळापासून पूर्ण नवे व्हायला साधारण दोन वर्षे लागतात. तोवर दर तीन महिन्यांनी जुनी टोके थोडीथोडी कापावीत. पहिले चार-सहा आठवडे केस धड इकडचे ना तिकडचे दिसतील, आणि नेमके त्याच दिवसांत ड्रायरकडे हात जाईल. जाऊ द्यावा एखादवेळी. लग्नाच्या दिवशी, मोठ्या मुलाखतीला केस सरळ केले म्हणून काही बिघडत नाही. फक्त नवी रीत प्रथमच करून पाहायची ती रविवारी रात्री नव्हे, शनिवारी. जवस जास्त शिजला, गाळला गेला नाही, केस कडक झाले, असे काहीही होऊ शकते, आणि सोमवारची गाडी कोणासाठी थांबत नाही.